सात नंबरचं पार्किंग

गुरुवार, २ ऑक्टोबर २०२५ (दसरा)

दाराला तोरण लागलं. गाडीला हार घालायचा तर गाडीच नाही. २०१२ च्या दिवाळीत मारुती ८०० विकली, तेव्हापासून रिक्षा, लोकल आणि फोनवरून बोलावलेल्या टॅक्स्या यांवर घर चाललंय. कुणाचं काही अडत नव्हतं, आता अडलंय. रिक्षात चढताना आईचा उजवा गुडघा कुरकुरायला लागलाय, कन्येला जूनमध्ये लायसन्स मिळालंय, आणि सोसायटीच्या सभेत ठराव पास झालाय: ज्या सभासदाकडे ३१ डिसेंबरपर्यंत गाडी नसेल त्याचं पार्किंग प्रतीक्षायादीतल्या पहिल्याला. गुडघा आणि लायसन्स यांवर आम्ही चार महिने नुसतं बोलत होतो. ठरावावर चार मिनिटांत एकमत झालं. पार्ल्यात पार्किंग सोडायचं म्हणजे गावाकडची कलमं सोडायची.

बजेट साडेचार लाख, ट्रान्सफर-इन्शुरन्स धरून. वापरलेली गाडी.

संध्याकाळी टेप घेऊन खाली गेलो. सात नंबरला एका अंगाला इमारतीचा खांब, दुसऱ्या अंगाला पंपरूमची भिंत. मधलं अंतर २ मीटर २० सेंटिमीटर. लांबीची अडचण नाही. खांबाच्या कडेवर गुडघ्याच्या उंचीला फिकट निळा ओरखडा आहे. मधे दोनदा इमारत रंगवून झाली, तरी तो आहेच. पार्किंगमध्ये रंगारी फारसे वाकत नाहीत. तो आमच्या फियाटचा.

रविवार, ५ ऑक्टोबर

दिवाळीचे डबे काढायला माळ्यावर चढलो आणि चकलीच्या सोऱ्यामागे बाबांची वही हाताला लागली. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची. बाबा पोर्ट ट्रस्टमध्ये इंजिनीअर होते. गोदीतल्या क्रेनचं लॉगबुक ठेवायचे तसंच गाडीचंही: तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये, शेरा. पहिली नोंद फेब्रुवारी १९८७ ची, शेवटची मे २००१ ची.

गाडी १९७८ ची प्रीमियर पद्मिनी. नवी घ्यायची तर पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघायची, म्हणून बाबांनी माटुंग्याच्या एका डॉक्टरांची वापरलेली घेतली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर, पुढे सलग बाकासारखी सीट. पद्मिनी हे नाव आरसी बुकात. घरात, गल्लीत, गॅरेजात ती फियाटच. (तिच्याही आधीची, फुगीर अंगाची ११०० म्हणजे डुक्कर फियाट. ते नाव कंपनीने दिलेलं नव्हतं, मुंबईने दिलं होतं.)

शेरे वाचत बसलो. 'पॉइंट घासले.' 'सायलेन्सरला वेल्डिंग.' 'मागच्या पाट्याचं पान तुटलं, बदललं.' 'वायपर मोटर, पुन्हा.' एकाही शेऱ्यात तक्रार नाही. मग हा:

'१४-५-८८. पार्ले–लोणावळा. खोपोलीच्या पुढे पाणी उकळलं. ४० मि. थांबलो. फ्युएल पंपावर ओलं फडकं. पुढे ठीक.'

कन्येला हे समजावून सांगावं लागलं. घाटात बॉनेटखाली इतकं तापायचं की पेट्रोलची नळीतच वाफ व्हायची. पंप वाफ ओढत बसायचा आणि कार्ब्युरेटर कोरडा. मग पंपावर ओलं फडकं टाकून तो गार करायचा, हा फियाटवाल्यांचा ठरलेला उपाय. जुन्या रस्त्याने बोरघाट चढताना बॉनेट उघडून उभी असलेली एक तरी गाडी दिसायचीच, आणि बरेचदा ती आमची असायची.

"काय गाडी होती," बाबा म्हणाले.

आई स्वयंपाकघरातून: "ते फडकं नव्हतं. तुझ्या बहिणीचं दुपटं होतं. आणि पाण्याचा डबा घेऊन खालच्या टपरीपर्यंत कोण गेलं होतं, ते लिहिलंय का बघ."

पाहिलं. नाही लिहिलेलं.

सोमवार, ६ ऑक्टोबर

लंचमध्ये मापं जमवली. पद्मिनी ३९३० मिलिमीटर लांब, १४६० रुंद. मारुती ८०० म्हणजे ३३३५ आणि १४४०. वॅगन आर, २०१९ नंतरची, ३६५५ आणि १६२०. म्हणजे आताची छोटी गाडी फियाटपेक्षा वीतभराहून जास्त आखूड, पण सोळा सेंटिमीटर रुंद. सात नंबरमध्ये दोन्ही बाजू मिळून उरतात ५८ सेंटिमीटर, आरसे मिटल्यावर. चालवणाऱ्याने पोट आत घेऊन उतरायचं. आईला बाहेरच उतरवायचं.

२२ सप्टेंबरपासून चार मीटर आणि १२०० सीसीच्या आतल्या पेट्रोल गाडीवर १८ टक्के जीएसटी झालाय. बाबांना म्हटलं, तुमची फियाट आज छोटी गाडी म्हणून १८ टक्क्यांत बसली असती. त्यांना आवडलं नाही. सहा माणसं आणि गणपतीचं सगळं सामान घेऊन कोकणात जाणारी गाडी छोटी कशी, असं त्यांचं म्हणणं. लहान मुलांना ते माणसांत धरत नव्हते, ती आणखी तीन.

शनिवार, ११ ऑक्टोबर

बायकोची अट एअरबॅगची, आईची अट उंचीची, कन्येची अट रिव्हर्स कॅमेऱ्याची. मी माझी अट कुणाला सांगितली नव्हती. मला ८०० हवी होती.

बाबांची जशी फियाट तशी माझी ८००. आमची १९९८ ची, पांढरी, कार्ब्युरेटरवाली. तीन सिलिंडरची, ७९६ सीसीची. चोक ओढून सुरू केली की रस्त्यावरची कुत्री मान वर करायची इतकी घरघरायची आणि मग एकदम शांत. बाबा तिला डबी म्हणायचे आणि रविवारी किल्ली मागायचे. सूनबाईला माहेरी सोडायला तीच, कन्येला नर्सिंग होममधून घरी आणायला तीच.

आज मुलुंडला एक बघितली. २००८ ची, एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन), पहिला मालक, ४१ हजार किलोमीटर, मागणी ९५ हजार. धुराचे नवे नियम, भारत स्टेज चार, लागू झाल्यामुळे एप्रिल २०१० पासून मुंबईत नवी ८०० विकणं बंद झालं (कारखान्यातून शेवटची निघाली जानेवारी २०१४ ला). म्हणजे मुंबई पासिंगची कुठलीही ८०० आता पंधरा वर्षांच्या पलीकडचीच. हिचं रजिस्ट्रेशन २०२३ ला पाच वर्षांसाठी पुन्हा करून घेतलेलं, कागद चोख. पत्रा वाजवून पाहिला, डिकीच्या कडा, दारांच्या खालच्या पट्ट्या. समुद्रापासून लांब राहिलेली गाडी लगेच कळते. मुलुंडची गाडी आणि वरळी सी-फेसवर उभी राहिलेली गाडी यांच्या पत्र्यात दहा वर्षांचा फरक पडतो.

मी गल्लीतून एक फेरी मारली. पॉवर स्टिअरिंग नाही, हाताला रस्ता लागतो. फेरीभर मी तेहतीस वर्षांचा होतो.

मग आई बसली. बसली म्हणजे शेवटचे चार इंच पडली. आता उतर म्हटल्यावर एकदा दाराला धरून, एकदा डॅशबोर्डला धरून, तिसऱ्यांदा माझ्या मनगटाला धरून. तिसऱ्यांदा ती उठली, पण माझं घड्याळ तुटलं.

"गाडी छान आहे," मालकांना ती म्हणाली. "बसण्यापुरती."

शेरा: नको. (घड्याळाचा पट्टा २५० रु.)

बुधवार, २२ ऑक्टोबर (पाडवा)

बायकोने रास्त प्रश्न काढला: नव्या गाड्या स्वस्त झाल्यात, मग नवीच का नको? हिशेब मांडला. आम्हाला हवं ते मॉडेल टॅक्स-इन्शुरन्स धरून साडेसहाच्या पुढे जातं. वरचे दोन लाख कन्येच्या फीचे आहेत. विषय संपला.

वापरलेली विकणाऱ्यांनी मात्र जीएसटीची बातमी ऐकलेलीच नाही. भाव सप्टेंबरच्या आधीचेच. नवीन स्वस्त झाली तर जुनीने उतरायला नको का, असं एकाला फोनवर म्हटलं. तो म्हणाला, "साहेब, मी महागात घेतलीय ना." याला उत्तर नाही.

रविवार, २६ ऑक्टोबर

ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेलगतच्या एका डीलरकडे २०२० ची वॅगन आर. मागणी ३ लाख ७०, बाजारापेक्षा साठ हजारांनी कमी. बाहेरून आरशासारखी. मेकॅनिकला नेलं नव्हतं. गरज पडली नाही.

दार उघडलं आणि लिंबाच्या सेंटचा भपकारा आला. त्या सेंटच्या खाली दुसरा वास होता, तो मी ओळखतो.

२६ जुलै २००५ ला आमची ८०० कलिन्यात होती. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मी गाडी सोडून कमरेएवढ्या पाण्यातून पार्ल्याला चालत आलो. तिसऱ्या दिवशी गाडी टो करून आणली तेव्हा पाणी सीटच्या गादीपर्यंत येऊन गेलं होतं. गालिचे गच्चीवर वाळत घातले, सीटा काढल्या, वायरिंग पुसलं, इंजिन उघडलं. गाडी पुढे सात वर्षं चालली. वास सातही वर्षं राहिला: ओल्या गोणपाटाचा, त्यात थोडा गटाराचा. ऊन तापलं की वर यायचा. कन्या त्याला 'गाडीचा वास' म्हणायची, तिला वाटायचं सगळ्या गाड्यांना तो असतोच.

म्हणून सेल्समन बॉनेट उघडत होता तेव्हा मी सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढला. माणूस बेल्ट धुतो तो बाहेर दिसतो तेवढाच. आतला हातभर पट्टा चहात बुडवल्यासारखा, आणि रंग बदलतो तिथे सरळ रेघ. ड्रायव्हर सीट मागे सरकवली तर रुळाचे बोल्ट गंजलेले. पाच वर्षांच्या गाडीत ते काळे असायला हवेत. डिकीत स्टेपनी उचलली. खाली खळग्यात बारीक, पावडरीसारखा गाळ.

"ऑगस्टमध्ये पाण्यात होती का?" १८-१९ ऑगस्टच्या पावसात शहराचं काय झालं होतं ते सगळ्यांच्या लक्षात आहे.

"नाही हो साहेब. वॉशिंगला पाणी आत जातं कधीकधी."

स्टेपनीखाली?

शेरा: नको. परत येताना त्या गाडीला लागलेल्या 'सोल्ड' च्या पाटीचा विचार येत राहिला. आज ना उद्या लागणार.

रविवार, २ नोव्हेंबर

अंधेरीत एजंटकडे २०१९ ची, मीटरवर ३१ हजार. क्लचच्या पॅडलचं रबर झिजून गुळगुळीत. सीटची बाहेरची कड बसलेली. गाडीत दिवसातून वीसदा चढणारा-उतरणारा माणूस तिथे घासतो. टायरवरचे चार आकडे '२३२४', म्हणजे २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यातले. ३१ हजारांत चारही टायर बदलावे लागले? बाबांनी बॉनेटवर हात ठेवला आणि काढला. "गरम आहे. आपण यायच्या आधी चालू करून ठेवली." गार इंजिन सुरू होतानाच खरं बोलतं, म्हणून गरम करून ठेवतात.

सोमवारी सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीचा नंबर सांगून जुनी नोंद विचारली. मे २०२२ मध्येच ५८ हजार.

शेरा: नको. एजंटचे अजून फोन येतायत.

रविवार, ९ नोव्हेंबर

हे बजेटात नव्हतं, अटींत नव्हतं, कशातच नव्हतं. दादरला हिंदू कॉलनीत पद्मिनी विकायला आहे असं कळलं. १९९७ ची, मागणी सव्वादोन लाख. बाबांना म्हटलं, नुसतं बघून येऊ. आईही आली, तिची बहीण तिथेच राहते. गाडीपाशी ती थांबली, दाराच्या मुठीकडे बघितलं, म्हणाली, "मी मावशीकडे आहे," आणि गेली.

क्रीम रंगाची, क्रोमला चकाकी. मालक सत्तरीचे, हातात पिवळं फडकं. बाबा ड्रायव्हरच्या जागी बसले. किल्ली अजून हातात आली नव्हती, पण उजवा हात आपोआप त्या तिकोनी काचेच्या खिट्टीवर गेला, अंगठ्याने खिट्टी दाबली आणि काच बाहेर ढकलली. हे त्यांनी बघून केलं नाही. मग डावा हात गिअरच्या दांड्यावर. पहिला, दुसरा, न्यूट्रल. दांडा योग्य जागी जात होता. मालकांनी चोक देऊन गाडी सुरू केली आणि बाबांना म्हणाले, घ्या एक चक्कर.

बाबांनी क्लचवर पाय ठेवला. तो अर्ध्यापर्यंत गेला. पुन्हा दाबला, पँटच्या आत मांडी थरथरताना मला दिसत होती. पॅडल खालपर्यंत गेलं नाही. त्यांनी पाय उचलून बाजूला ठेवला, दोन्ही हात स्टिअरिंगवरच राहू दिले आणि इंजिन ऐकत बसले.

"टॅपेट वाजतायत."

"थोडे वाजलेलेच बरे," मालक म्हणाले.

"बरोबर," बाबा म्हणाले. एवढ्या दोन वाक्यांत त्यांची ओळख झाली, मग अर्धा तास मी उभाच.

मालकांकडून कळलं ते: सुटे भाग अजून कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळतात, हिंडावं लागतं. इथेनॉल मिसळलेलं ई-२० पेट्रोल आल्यावर त्यांनी पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या बदलून घेतल्या. रजिस्ट्रेशन २०२७ पर्यंत आहे. पुढच्या वेळी वीस वर्षांवरची गाडी म्हणून नुसती फीच दहा हजार. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत एकही पद्मिनी टॅक्सी नाही, त्यामुळे टॅक्सीवाले मेकॅनिकही पांगले. फियाट ही कुर्ल्याचीच, तिथेच एलबीएस मार्गावर बनायची. कारखान्याच्या जागेवर आता कोहिनूर सिटी उभी आहे, आणि गाड्या सुट्या होतात त्या कुर्ल्यातच, दोन रस्ते सोडून.

टॅक्सीत बसल्यावर बाबा दादर ते पार्ले काही बोलले नाहीत. आईने विचारलं, "दार अजून आपटावं लागतं?"

"लागतं."

"मग तीच." थोड्या वेळाने: "घ्यायची तर घ्या. पण ढकलायला आता कोण आहे? तू ऑफिसात, ही कॉलेजात. माझा गुडघा हा असा. की वॉचमनला सांगायचं?"

तिने किती वेळा ढकलली असेल? वहीत शोधलं. 'धक्का देऊन चालू केली' अशा अकरा नोंदी आहेत. धक्का कोणी दिला ते कुठेही नाही. बाबा तर स्टिअरिंगवर असणार.

शेरा: नको.

शनिवार, २२ नोव्हेंबर

जोगेश्वरी पूर्व, मजासवाडी. एक निवृत्त मुख्याध्यापिका. वॅगन आर, ऑगस्ट २०१९, बाराशे सीसी, ३८ हजार ४००. पुढे दोन एअरबॅग. मागणी ४ लाख ६०.

बाईंनी आधी गाडीभोवती फिरवून सगळे ओरखडे दाखवले. मागच्या बंपरला चार, डाव्या दाराला एक, हा रिक्षाचा, हा गेटचा. "रिव्हर्स मला शेवटपर्यंत जमला नाही," म्हणाल्या. "मिस्टर मागे उभे राहून सांगायचे. ते गेल्यापासून मी गाडी अशाच ठिकाणी नेते जिथे सरळ बाहेर पडता येतं." कॅमेरा नाही. कन्येचं तोंड उतरलं. कॅमेरा बाहेरून बसवता येतो हे तिला सांगितलं.

बाबांनी बॉनेटवर हात ठेवला. गार. सुरू केली, धूर नाही. ऑइलच्या झाकणाखाली पांढरा साका नाही. बेल्ट शेवटपर्यंत ओढला: स्वच्छ. सर्व्हिसची बिलं फाइलमध्ये, वर्षवार, पंच करून.

आई. आधी पाठ गाडीकडे केली, सीटवर टेकली, मग दोन्ही पाय एकत्र उचलून आत वळवले. सीट तिच्या कमरेच्या उंचीला, पडायला जागाच नाही. उतरताना पाय आधी बाहेर, एक हात दाराच्या चौकटीवर, आणि उभी. एकदाच. मग पुन्हा बसली. बाई तिच्या शेजारी ड्रायव्हरच्या जागी बसल्या, आणि दोघींचं गुडघ्यांवर पाऊण तास चाललं. ऑपरेशन केलेल्या मैत्रिणी, न केलेल्या मैत्रिणी. मी भाव करायला आलो होतो. इतक्या गप्पांनंतर भाव करायला तोंड उचलत नाही.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

मेकॅनिकला घेऊन पुन्हा गेलो, त्याचे १५०० रुपये. लिफ्टवर चढवली: पुढच्या लोअर आर्मचे बुश गेलेत, ब्रेक पॅड अर्धे, बॅटरी म्हातारी, तळाला कुठे वेल्डिंग नाही. बाईंनी सांगितलं तेवढंच टच-अप, त्याच्या बाहेर काही नाही. मेकॅनिक म्हणाला, सांगितलेलं आणि असलेलं जुळतंय असं महिन्यातून एकदा होतं.

४ लाख ३२ ला ठरली. टोकन २० हजार.

मंगळवार, ९ डिसेंबर

कागदांनी दहा दिवस खाल्ले. कर्ज २०२४ ला फिटलंय, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच. बाईंकडे एनओसी होती, तिची तीन महिन्यांची मुदत उलटलेली. नवी काढायला बँकेत तीन फेऱ्या, दर वेळी वेगळं टेबल. मग बँकेचं नाव काढायला फॉर्म ३५ च्या दोन प्रती, मग गाडी नावावर करायला २९ आणि ३०. गाडी एमएच-०२ आणि आम्हीही अंधेरी आरटीओतलेच, म्हणून दुसऱ्या आरटीओची एनओसी नको. गाडी एप्रिल २०१९ नंतरची, म्हणून एचएसआरपी, म्हणजे सुरक्षा नंबरप्लेटही पहिल्यापासूनच.

चासी नंबरचा ठसा कन्येने घेतला, नंबरवर कागद धरून पेन्सिल घासली. लहानपणी नाण्याचा घ्यायची तसा. एजंट म्हणाला, हिच्याकडून घ्या, माझा फाटतो.

दोन ई-चलन बाकी होती, १५०० ची. बाई ओशाळल्या: "मुलगा आला होता अमेरिकेहून." इन्शुरन्स नावावर केला. नो क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. बाईंचा ५० टक्के बाईंकडेच राहिला, फरक आम्ही भरला.

रविवार, १४ डिसेंबर

गाडी आणली. चाकांखाली लिंबं, नारळ, डॅशबोर्डवर कुंकवाची बोटं. सेक्रेटरींना आरसी अर्जाची प्रत दिली. प्रतीक्षायादीतले पहिले सभासद पेढा घेऊन शांतपणे घरी गेले. सात नंबरमध्ये बसते. मोजलं होतं तेवढीच, ५८ सेंटिमीटर.

बाबांनी नवी वही आणून दिली. रकाने आखलेले.

बुधवार, १७ डिसेंबर

संध्याकाळी गाडी लावताना मागचा डावा दरवाजा खांबाला घासला. वीतभर. कन्या रडवेली. खांबावर फियाटच्या निळ्याच्या वर आता करडा पट्टा.

तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं, फियाटचाही असाच झालाय, थांब, कधी झाला ते दाखवतो. जुनी वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळली. पाटा आहे, वायपर मोटर चारदा आहे, खांब नाही. बाबांकडे पाहिलं. त्यांनी पेपरचं पान उलटलं.

"काय रे, सापडला का खांब?" आईने विचारलं.

नोंद मी केली:

१७-१२-२५. ३८,५२० किमी. मागचा डावा दरवाजा, खांब. खर्च अजून नाही. चालवणारी कन्या. मागे उभा राहून "येऊ दे, येऊ दे" म्हणणारा मी.

शेवटचं वाक्य आईने घालायला लावलं.